मस्टरवर नाही, मशीनवर आहे

सकाळी ६:१५

चहा उकळेपर्यंत फोनवर मेल बघून घेते. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत, औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर आहे. तिथल्या लिनक्स सर्व्हरवर रोज पहाटे एक छोटी स्क्रिप्ट चालते. ‘पीडब्ल्यूसीके’ आणि ‘जीआरपीसीके’ या दोन कमांड ती फक्त वाचण्यापुरत्या चालवते आणि काही खटकलं तरच मला कळवते. आज मेल नाही, म्हणजे तीन सर्व्हरवर नवीन काही नाही. चौथा सर्व्हर लॅबचा. त्याचं नेटवर्क मुद्दाम वेगळं ठेवलंय, त्यामुळे त्याच्यासमोर जाऊनच बसावं लागतं.

आज शुक्रवार, आमची साप्ताहिक सुट्टी. या पट्ट्यातले बरेच कारखाने शुक्रवारीच बंद असतात. प्लांट बंद असला की मला मोकळेपणानं काम करता येतं. दर तीन महिन्यांनी एक शुक्रवार मी याच कामाला देते: मशीनच्या दप्तरी कोणाकोणाची नावं आहेत, ती एकमेकांशी जुळतात का, आणि ती माणसं खरोखर आहेत का. पहिल्या दोन प्रश्नांना कमांड उत्तर देते. तिसऱ्यासाठी दिवस लागतो.

सकाळी ७:१०

बदलापूर ते अंबरनाथ एकच स्टेशन. पण मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये एका स्टेशनासाठी चढणं हा गुन्हा आहे, आणि लेडीज डब्यात त्याची सुनावणी जागच्या जागी होते. दारातच उभी राहते, बोलणी ऐकते, उतरते. पूर्वेला शेअर रिक्षा मिळते.

सकाळी ७:५०

सर्व्हर रूमच्या आधी गेट. सिक्युरिटीचे सुपरवायझर निवृत्त फौजी आहेत, सगळे त्यांना सुभेदारसाहेब म्हणतात. त्यांच्याकडून गेल्या तिमाहीची रजिस्टरं मागून घेते. एक कंत्राटी माणसांचं, एक रात्रपाळीचं.

“मॅडम, तुमच्याकडे एवढे कॉम्प्युटर आणि माझी वही कशाला?”

“तुमच्या वहीत खोटं कमी असतं, साहेब.”

ते खूश होतात. मी गंमत करत नव्हते. ज्याचा पास संपला तो त्यांच्या गेटातून आत येत नाही. कॉम्प्युटरवरचं अकाउंट मात्र कोणी बंद करेपर्यंत चालूच राहतं. माणूस दुसऱ्या कंपनीत रुजू होतो, त्याचं लग्न होतं, तो गाव बदलतो, आणि आमच्या सर्व्हरवर तो अजून केमिस्टच असतो.

सकाळी ८:३०

सर्व्हर रूम. एसी, यूपीएस आणि बॅकअप बघून झाल्यावर पहिलं काम म्हणजे चार फाइलींच्या प्रती काढणं: पासडब्ल्यूडी, शॅडो, ग्रुप आणि जीशॅडो. सिस्टीम स्वतःही आधीची प्रत ठेवते, पण ती फक्त शेवटच्या बदलाच्या आधीची. दिवसभरात दोन बदल झाले की सकाळची अवस्था तिच्यातून गेली.

या फाइलींचा हिशेब सरळ आहे. पासडब्ल्यूडी फाइलमध्ये प्रत्येक माणसाची एक ओळ, आणि ओळीत कोलननं तोडलेले सात रकाने: नाव, पासवर्डच्या जागी नुसतं एक ‘एक्स’, यूजर नंबर, ग्रुप नंबर, माहिती, घर म्हणजे होम डिरेक्टरी, आणि शेल. खरा पासवर्ड कुठेच नसतो. त्याचा हॅश, म्हणजे उलटवता न येणारा ठसा, शॅडो फाइलमध्ये असतो, आणि ती रूटशिवाय सर्वसाधारण माणसाला वाचता येत नाही. तिथे नऊ रकाने. ग्रुप फाइलमध्ये चार.

पीडब्ल्यूसीके हे रकाने मोजते, नाव दोनदा आलंय का बघते, ग्रुप नंबर खरा आहे का, घर जागेवर आहे का, शेल चालण्यासारखा आहे का हे तपासते. मग पासडब्ल्यूडीतल्या प्रत्येक नावाला शॅडोत जोडीदार आहे का आणि शॅडोतल्या नावाला पासडब्ल्यूडीत आहे का, हे पडताळते. जीआरपीसीके ग्रुपच्या दोन फाइलींचं तसंच करते.

सकाळी ९:००

लॅबचा सर्व्हर. कमांड एका क्षणात संपते आणि पडदा भरून जातो. जवळजवळ प्रत्येक केमिस्टच्या नावापुढे एकच तक्रार: शेवटचा पासवर्ड बदल भविष्यात झाला आहे.

शॅडो फाइलमध्ये पासवर्ड बदलल्याची तारीख दिवसांच्या आकड्यात लिहितात. मोजणी १ जानेवारी १९७० पासून. १ जानेवारी २०२५ हा दिवस तिथे २०,०८९ असा दिसतो. एकाच्या पुढे उद्याची तारीख असती तर कोणी हातानं आकडा बदलल्याचा संशय घेतला असता. पण सगळ्यांच्याच तारखा पुढे गेल्यात, म्हणजे मागे गेलंय ते घड्याळ. तारीख विचारते. मशीन म्हणतं, १ जानेवारी २०१०.

काल रात्री दुरुस्तीसाठी लॅबची वीज पूर्ण बंद ठेवली होती. पहाटे सर्व्हर परत चालू केला तेव्हा मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलमध्ये जीव उरला नव्हता, आणि बायोसला आठवली ती त्याची जन्मतारीख. नेटवर्क वेगळं असल्यामुळे वेळ विचारायला बाहेर कोणी नाही.

चाळीस-पन्नास तक्रारींचं कारण एक सेल. पण त्या ढिगाखाली तीन ओळी वेगळ्या आहेत, आणि घाईत त्या सुटल्या असत्या. पहिली ओळ एलपी, म्हणजे प्रिंटरसाठीच्या अकाउंटचं घर सापडत नसल्याची. ती लिनक्स बसवल्यापासून तशीच आहे. ते घर कोणी कधी बांधलंच नाही, कारण तिथे कोणी राहत नाही. तिच्यासमोर ‘माहीत आहे’ असं लिहून पुढे जाते. दुसरी ओळ: शॅडोत एक नाव आहे, पासडब्ल्यूडीत नाही. तिसरी: एका माणसाचा मूळ ग्रुप १२०७, आणि १२०७ नंबरचा ग्रुपच नाही.

कमांड दुरुस्तीच्या पद्धतीनं चालवली असती तर दुसऱ्या ओळीवर तिनं विचारलं असतं, ही ओळ काढून टाकू का? हो म्हटलं की प्रश्न मिटतो आणि पुरावाही. म्हणून पहिली फेरी नेहमी फक्त वाचण्याची.

सकाळी ९:४५

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या हार्डवेअरवाल्याला फोन. सेल अंबरनाथ स्टेशनबाहेरही मिळतो, पण आमचा यूपीएस बघायला तो दुपारी येणारच आहे. “लेता आता हूँ मॅडम, दोन घेऊन येतो,” तो एका वाक्यात दोन भाषा वापरतो.

सेल येईपर्यंत सर्व्हरची तारीख हातानं दुरुस्त करते. चौकशीच्या कागदावर घड्याळ मागे असतानाचा काळ लिहून ठेवते. तेवढ्या वेळात कोणी लॉगइन केलं नाही हे नशीब. पण लॉगमध्ये ज्या काही ओळी पडल्या त्या २०१० च्या आहेत, आणि उद्या कोणी विचारलं तर उत्तर तयार हवं. सर्ट-इन या सरकारी यंत्रणेनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत तीन गोष्टी आमच्या कामाच्या आहेत: सायबर घटना कळल्यावर सहा तासांत कळवायची, लॉग १८० दिवस जपायचे, आणि घड्याळं एनआयसी किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची. कोण आत आलं एवढं लिहून भागत नाही. कधी आलं हे चुकलं की कोण हेही डळमळतं.

सकाळी १०:३०

एचआरच्या मॅडम सुट्टी असूनही पगारपत्रकासाठी आल्यात. त्यांच्या मस्टरची यादी आणि माझी यादी टेबलावर शेजारी शेजारी ठेवतो. मी अकाउंटचं नाव वाचते, त्या माणसाचं सांगतात.

“हा?”

“हा गेला. दिवाळीच्या आधीच. ट्रेनी होता, सहा महिन्यांचा.”

शॅडोत एकटा राहिलेला तो हाच. नेमकं काय झालं तेही उलगडतं. कोणीतरी त्याचं अकाउंट काढायला कमांड वापरली नाही. एडिटरमध्ये पासडब्ल्यूडी फाइल उघडून त्याची ओळ पुसली, आणि शॅडोतली राहून गेली. नुसत्या त्या ओळीनं आत येता येत नाही. पण उद्या त्याच नावाचा नवा माणूस आला आणि कोणी पासडब्ल्यूडीत पुन्हा हातानं ओळ घातली, तर जुन्याचा पासवर्ड नव्याच्या अकाउंटला आयता चिकटेल.

मस्टरवर असून मशीनवर नसलेलं कोणी नाही. असेलच कसं? ज्याला लॉगइन मिळत नाही तो पहिल्या दिवशी तासाभरात माझ्या दारात उभा असतो. मशीनवर असून मस्टरवर नसलेला माणूस तक्रार करायला येत नाही.

सकाळी ११:३०

१२०७ चा माणूस शोधते. तो रात्रपाळीचा जुना केमिस्ट निघतो, कामावर आहे, नियमित आहे. दोन विभाग एकत्र झाले तेव्हा जुन्या विभागाचा ग्रुप काढून टाकला. ग्रुपच्या यादीतली नावं हलवली, पण ज्याचा तो मूळ ग्रुप होता त्याच्या ओळीतला नंबर तसाच राहिला. त्यानं बनवलेल्या फाइलींवर आता ग्रुपच्या नावाऐवजी नुसता आकडा दिसतो. त्याला फोन करून विचारते.

“मॅडम, माझी फाइल दिवसपाळीला उघडत नाही म्हणून मी रोज प्रिंट काढून ठेवतो. मला वाटलं नियमच आहे तसा.”

बिघाडाभोवती माणसं अशी वाट काढतात, आणि मग त्या वाटेलाच नियम समजतात. लॉगमध्ये याची एकही एरर नव्हती.

दुपारी १२:१५

आता उत्पादनाच्या नोंदींचा सर्व्हर. इथे पीडब्ल्यूसीके गप्प आहे. पण ती एक गोष्ट बघत नाही: दोन वेगळ्या नावांना एकच यूजर नंबर दिला तर तिला त्यात वावगं वाटत नाही. त्यासाठी वेगळी एक ओळीची स्क्रिप्ट आहे, नंबरांचा रकाना काढून कोणता दोनदा आला ते सांगणारी. तिमाहीत ती आजच चालते, आणि आज ती बोलते. १०४३ हा नंबर दोघांचा आहे.

लिनक्सला नावाशी घेणंदेणं नसतं, ते नंबर ओळखतं. फाइलवर मालक म्हणून नंबरच लिहिलेला असतो, आणि दाखवताना त्या नंबरचं यादीत पहिलं सापडलेलं नाव दाखवतात. दुसऱ्या माणसानं केलेलं सगळं काम पहिल्याच्या नावावर. सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या बाहेरच्या इंजिनिअरनं नव्या ऑपरेटरला जुन्याइतकेच अधिकार द्यायचे म्हणून जुन्याची ओळ कॉपी केली, नाव बदललं आणि नंबर ठेवला. काम झालं, कोणाची तक्रार नाही.

औषधाच्या कारखान्यात हे गंभीर आहे. आमचा माल अमेरिकेत जातो, आणि तिथल्या औषध प्रशासनाचा ‘भाग ११’ नावाचा नियम १९९७ पासून लागू आहे: इलेक्ट्रॉनिक सही एकाच माणसाची असावी आणि ती पुन्हा दुसऱ्याला देऊ नये. बॅचच्या नोंदीवर सही कोणाची, असं ऑडिटरनं विचारलं आणि उत्तर ‘दोघांपैकी एकाची’ असं आलं, तर पुढची सगळी उत्तरं त्याला संशयास्पद वाटणार.

दुपारी १:१५

डबा. मेन्टेनन्सचे सर जेवायला बसलेत. नव्वदच्या दशकात त्यांनी एससीओ युनिक्सची मशीनं सांभाळली, हिरव्या अक्षरांच्या टर्मिनलवर. त्यांना १०४३ सांगते.

“आमच्याकडे ऑथसीके होतं,” ते म्हणतात. “अख्ख्या ऑथेंटिकेशन डेटाबेसची झडती घ्यायचं.”

खरंच होतं. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘ऑरेंज बुक’मधल्या सी-टू पातळीसाठी बनवलेल्या त्या सिस्टीममध्ये पासवर्डची माहिती ‘टीसीबी’ नावाच्या डिरेक्टरीखाली, प्रत्येक माणसाची वेगळी फाइल करून ठेवत. एचपी-यूएक्सवरही तीच पद्धत होती. दप्तरं जितकी जास्त तितकी ती एकमेकांपासून फाटण्याची जागा जास्त, म्हणून पडताळणीची कमांड सोबतच आली.

मुळात एकच फाइल होती आणि ती सगळ्यांना वाचता यायची. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ च्या लेखात दाखवलं की लोक ओळखता येतील असेच पासवर्ड ठेवतात, म्हणून हॅशमध्ये प्रत्येकासाठी वेगळं ‘मीठ’ घातलं पाहिजे. पुढे हॅशच लोकांच्या नजरेआड करायची गरज पडली. १९८७ मध्ये ज्युली हॉ यांच्या मशीनमध्ये कोणीतरी घुसलं, आणि त्यांनी शॅडोची पहिली आवृत्ती लिहिली, तीही एससीओच्याच झेनिक्ससाठी. आज मी वापरते ती पीडब्ल्यूसीके त्याच शॅडो संचात येते. एकाची दोन दप्तरं सुरक्षेसाठी झाली, आणि ती जुळवत बसण्याचं काम आमच्या गळ्यात आलं.

“माझ्या वेळी पन्नास माणसं होती,” सर डबा बंद करत म्हणतात. “प्रत्येकाचा चेहरा माहीत होता. ऑथसीके बोललं की मी सरळ त्याच्या टेबलाशी जायचो.”

दुपारी २:००

१०४३ च्या कामाची विभागणी. लास्टलॉगची फाइल नंबरनुसार लिहिली जाते, त्यामुळे ती या दोघांना एकच समजते आणि काही उपयोगाची नाही. पण लॉगइनचा दुसरा इतिहास, डब्ल्यूटीएमपी, नावानं लिहिला जातो. त्यातून दोघांच्या वेळा वेगळ्या काढते आणि सुभेदारसाहेबांच्या रात्रपाळीच्या वहीशी लावते. आत आल्याची वेळ, लॉगइन, लॉगआउट, बाहेर गेल्याची वेळ. ओळीमागून ओळ जुळत जाते. दोघंही एकदम कामावर होते अशा रात्री थोड्या आहेत. त्यांच्यासाठी कागदावरची बॅच शीट बघावी लागेल, ते क्वालिटीच्या लोकांकडे. त्यांच्या भाषेत हे ‘डेव्हिएशन’, आणि ते आजच नोंदवायचं.

दुपारी ३:००

परत लॅबचा सर्व्हर, आता जीआरपीसीके. एका ग्रुपमध्ये न राहिलेल्या माणसाचं नाव. ग्रुपची गंमत उलटी आहे: इथे सदस्य नंबरनं नाही, नावानं लिहिलेले असतात. म्हणजे गेलेल्या माणसाचा नंबर नव्याला मिळाला की त्याच्या फाइली नव्याच्या होतात, आणि गेलेल्याचं नाव नव्याला मिळालं की त्याचे अधिकार नव्याचे होतात. वारसा दोन वाटांनी येतो, आणि दोन्हीकडे मृत्युपत्र कोणी केलेलं नसतं. म्हणून आमच्याकडे नियम आहे: नाव आणि नंबर, दोन्ही एकदा वापरले की कायमचे निवृत्त.

बेवारस फाइली शोधायची कमांडही आताच चालवते. ज्या नंबराला आता नाव नाही अशांच्या फाइलींची यादी मिळते. त्या मी पुसत नाही. विभागप्रमुखाला यादी पाठवते, मालक तो ठरवेल.

दुपारी ३:४५

हार्डवेअरवाला येतो. सर्व्हर बंद, झाकण उघड, सेल बदल, पाच मिनिटांचं काम. बिलावर पत्ता नेहमीसारखा: बॅरेक नंबर, रूम नंबर. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बॅरेकी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना मिळाल्या, ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. बऱ्याच बॅरेकींच्या जागी आता इमारती आहेत, कुटुंबं बदलली, नंबर चालू आहेत. पोस्टमनला चालतं, कारण तो दारात माणूस बघतो. आमच्या सर्व्हरला दार नाही.

संध्याकाळी ४:३०

घड्याळ जुळवून पीडब्ल्यूसीके पुन्हा चालवते. भविष्यातले सगळे वर्तमानात परतले. आता दुरुस्त्या, एकेक करून, प्रत्येकीच्या आधी कारण लिहून. ट्रेनीची उरलेली ओळ काढली. रात्रपाळीच्या केमिस्टला त्याच्या खऱ्या विभागाचा ग्रुप दिला. १०४३ च्या दुसऱ्या माणसाला नवा नंबर राखून ठेवला, पण क्वालिटीची सही होईपर्यंत फाइलींना हात लावला नाही.

मस्टरवर नसलेल्यांची अकाउंट मी काढत नाही, बंद करते. लॉक केलं की हॅशच्या आधी उद्गारचिन्ह लागतं आणि पासवर्ड चालेनासा होतो. पण कोणी एसएसएचची किल्ली ठेवली असेल तर नुसत्या लॉकनं ती अडत नाही, म्हणून अकाउंटची मुदतही संपवते. ओळ तशीच राहते. जुन्या नोंदींवरचं नाव वाचता आलं पाहिजे.

एक अकाउंट कोणत्याच मस्टरवर नाही आणि तरी हवं आहे. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली होती. अशा दिवशी बदलापूरहून मी कारखान्यात पोहोचू शकत नाही. त्यासाठी एक आणीबाणीचं अकाउंट आहे, त्याचा पासवर्ड सीलबंद पाकिटात, पाकीट तिजोरीत. दर तिमाहीला सील शाबूत आहे का ते बघते. आहे.

संध्याकाळी ५:४५

अहवाल. काय सापडलं, कोणाला विचारलं, काय केलं, काय राहिलं. क्वालिटीचे साहेब डेव्हिएशनचा नंबर देतात आणि एक प्रश्न विचारतात, दर वेळचाच: “हे परत होणार नाही याची खात्री काय?”

खात्री फाइलमध्ये नाही. आज सापडलेल्या प्रत्येक गोष्टीचं मूळ अशा ठिकाणी आहे जिथे माझी कमांड पोहोचत नाही: विभाग एकत्र करण्याची बैठक, बाहेरच्या इंजिनिअरची घाई, ट्रेनीचा शेवटचा दिवस. दोन दप्तरं फाटलीत एवढंच पीडब्ल्यूसीके सांगू शकते. कोणतं खरं, ते माणसांना माहीत असतं, आणि माणसांना कोणी विचारत नाही.

संध्याकाळी ६:१५

निघताना एचआरच्या मॅडमकडून नोकरी सोडताना भरायचा नो-ड्यूजचा फॉर्म मागून घेते. त्यात हेल्मेट आहे, सेफ्टी शूज आहेत, लॉकरची किल्ली आहे, कँटीनची कुपनं आहेत. कॉम्प्युटर नाही. पेननं खाली एक ओळ वाढवते: सर्व सर्व्हरवरील अकाउंट बंद, तारीख, सही.

“फॉर्म बदलायला मॅनेजमेंटची मंजुरी लागते हं,” त्या म्हणतात.

“मग मंजुरी येईपर्यंत अशीच हातानं लिहूया. सोमवारी कोणी सोडतंय का?”

त्या यादी बघतात. दोघं आहेत.